एकाच गाळ्याच्या तीन किमती : तारणाचं वसुलीयोग्य मूल्य कर्जाच्या कागदांत कसं शोधावं

बँकेच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर गाळा बघायला येतो तेव्हा काय करतो, ते एकदा जवळून बघा. टेपने शेड मोजतो, घरफाळ्याची पावती मागतो, लेथच्या नेमप्लेटचा फोटो काढतो, गेटपासून रस्त्याची रुंदी बघतो, शेजारच्या गाळ्याला काय भाव आला ते चहावाल्याला विचारतो. आठवड्याभरात अहवाल येतो. त्याच्या शेवटच्या पानावर बहुधा तीन आकडे असतात : बाजारमूल्य, रिअलायझेबल व्हॅल्यू आणि डिस्ट्रेस व्हॅल्यू. जागा तीच, भिंती त्याच, तारीखही तीच, तरी आकडे तीन.

कर्जदाराच्या डोक्यात पहिला आकडा राहतो. 'माझी सव्वा कोटीची जागा बँकेकडे आहे, ऐंशी लाखांच्या कर्जाला काय भीती' असं तो म्हणतो आणि जामीनदारालाही तेच सांगतो. पुढे हप्ते थकले की हिशोब तिसऱ्या आकड्यावर येतो, कधी त्याच्याही खाली जातो. मालमत्तेतून प्रत्यक्षात किती पैसे परत येतील हे कशाच्या आधारे ठरवायचं, ते करारात, अहवालात आणि कायद्यात आधीच लिहून ठेवलेलं असतं. सही करण्याआधी ते कसं शोधायचं, कसं वाचायचं आणि कुठे बदलून मागायचं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. छोटा कारखानदार, गृहकर्ज घेणारं कुटुंब आणि विशेषतः जामीनदार डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण सगळ्यात कमी कागद जामीनदाराला दाखवले जातात.

पहिला टप्पा : कागदावर कोणती 'किंमत' लिहिली आहे ते ओळखा

बाजारमूल्य म्हणजे घेणारा आणि देणारा दोघेही राजीखुशीने, पुरेसा वेळ घेऊन, माहिती काढून व्यवहार करतील तेव्हाची किंमत. रिअलायझेबल व्हॅल्यू म्हणजे थोडी घासाघीस आणि विक्रीला लागणारा वेळ धरून हाती येईल ती रक्कम. डिस्ट्रेस व्हॅल्यू म्हणजे ताबा घेऊन, जाहिरात देऊन, ठरलेल्या मुदतीत विकावंच लागलं तर येणारी रक्कम. खालचे दोन आकडे पहिल्यातून ठरावीक टक्के वजा करून काढायची पद्धत आहे. वजावट किती टक्के आणि का, हे अहवालात लिहिलेलं नसेल तर व्हॅल्युअरला विचारा. तो तुमचा हक्क आहे, कारण अहवालाची फी बहुतेक वेळा तुमच्याच खात्यातून जाते.

रेडी रेकनरचा दर ही आणखी वेगळी गोष्ट. तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासनाने काढलेला दर आहे. रस्त्याला लागून असलेला गाळा आणि आतल्या बोळातला गाळा यांना तो सारखाच लागू शकतो. लिलावात मात्र बोळातल्या गाळ्याला कुत्रं विचारत नाही. ताळेबंदातली पुस्तकी किंमत म्हणजे खरेदीतून घसारा वजा जाता उरलेली रक्कम, तिचा विक्रीशी संबंध नाही.

हिशोबशास्त्रातही याच नावाची एक संज्ञा आहे आणि तिच्यामुळे घोळ होतो. लेखामानक २८ आणि मोठ्या कंपन्यांसाठीचं इंड एएस ३६ यांत वसूलयोग्य रक्कम म्हणजे दोनपैकी जी जास्त ती : मालमत्ता विकून खर्च वजा जाता येणारी रक्कम, किंवा ती वापरत राहून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नाचं आजचं मूल्य. चालू कारखान्यात दुसरा आकडा मोठा येऊ शकतो. बँक तारण मोजताना असा विचार करत नाही. तिला यंत्र विकल्यावर काय येईल तेवढंच हवं असतं. सीएने ताळेबंदात दाखवलेली वसूलयोग्य रक्कम घेऊन बँकेत वाद घालू नका, दोघांचं माप वेगळं आहे.

दिवाळखोरीच्या कायद्यात व्याख्या जास्त काटेकोर आहेत. २०१६च्या संहितेखालच्या नियमांत दोन मूल्यं काढली जातात. राजीखुशीच्या, सक्ती नसलेल्या व्यवहारात येईल ते रास्त मूल्य आणि त्या तारखेला कंपनी मोडीत काढली तर येईल ते लिक्विडेशन मूल्य. दोन नोंदणीकृत मूल्यांकनकार स्वतंत्रपणे आकडा देतात, फार तफावत आली तर तिसरा नेमता येतो. पण हा आकडासुद्धा विक्रीची हमी देत नाही. महाराष्ट्र सीमलेस कंपनीने एक आजारी कंपनी ताब्यात घ्यायची योजना दिली होती. त्या प्रकरणात आजारी कंपनीचं लिक्विडेशन मूल्य सुमारे ५९७ कोटी रुपये निघालं होतं आणि स्वीकारलेली योजना ४७७ कोटींची होती. योजनेची रक्कम लिक्विडेशन मूल्याइतकी असलीच पाहिजे असं कायद्यात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं.

दुसरा टप्पा : व्याख्येला पाच प्रश्न विचारा

मंजुरीपत्र, गहाणखत किंवा खाजगी उधारीचा करार, काहीही हातात असो, 'मूल्य', 'तारणमूल्य', 'वसुलीयोग्य रक्कम' असे शब्द येतील तिथे पेन्सिलने खूण करा. मग विचारा : आकडा कोण काढणार? कोणत्या तारखेचा? कसली विक्री गृहीत धरून? त्यातून काय काय वजा होणार? आणि आलेले पैसे कोणत्या क्रमाने वाटले जाणार?

'बँकेला मान्य होईल असे मूल्य' एवढंच लिहिलं असेल तर पहिल्या चारही प्रश्नांची उत्तरं बँकेच्या हातात गेली. बँकेच्या छापील करारात हे वाक्य बदलून मिळणं कठीण, हे मला ठाऊक आहे. पण निदान फेरमूल्यांकनाचा अहवाल लेखी देण्याची अट मंजुरीपत्रात घालून मागता येते, आणि शाखाधिकारी अनेकदा ती मान्य करतो.

खाजगी करारात मात्र सगळं आपल्या हातात असतं. समजा, तुम्ही यंत्र उधारीवर विकता आहात आणि पैसे न आल्यास यंत्र परत घेऊन हिशोब करणार आहात. तर असं लिहा : "वसुलीयोग्य मूल्य म्हणजे नोंदणीकृत मूल्यांकनकाराने, मागणीच्या नोटिशीच्या तारखेला, यंत्र आहे त्या जागी व आहे त्या स्थितीत नव्वद दिवसांत विकले जाईल असे गृहीत धरून काढलेली रक्कम, वजा सोडवणूक, वाहतूक व विक्रीचा प्रत्यक्ष खर्च. कोणत्याही पक्षाला हा आकडा अमान्य असल्यास त्याने पंधरा दिवसांत स्वखर्चाने दुसरा मूल्यांकनकार नेमावा. दोन्ही अहवालांची सरासरी उभयपक्षी बंधनकारक राहील." यात पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं आली. पाचव्यासाठी आणखी एक ओळ : आधी खर्च, मग मुद्दल, मग व्याज, उरलं तर परत. मुद्दल आधी की व्याज आधी, यावर थकबाकीचा आकडा किती फिरतो ते कागदावर मांडून बघा.

विम्याच्या करारात अशी व्याख्या तयारच मिळते. गाडीच्या पॉलिसीतला आयडीव्ही म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून वयानुसार ठरलेला घसारा वजा करून आलेली रक्कम. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. कर्जावरचा टेम्पो चोरीला गेला तर फायनान्स कंपनीला आधी हीच रक्कम मिळते. तिसऱ्या वर्षी कर्जाची बाकी आयडीव्हीपेक्षा जास्त असेल तर फरक तुमच्या खिशातून जाणार. दर वर्षी पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा.

तिसरा टप्पा : तारणाची जात तपासा

अहवालातला आकडा आणि लिलावात येणारा आकडा यांत सगळ्यात मोठा खड्डा इथे पडतो.

एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायला महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरणाचं शुल्क लागतं. लिलावात बोली लावणारा हे शुल्क, पाण्याची थकबाकी, वीजबिलाची थकबाकी मनातल्या मनात वजा करूनच आकडा बोलतो. विजेचं तर त्याला विसरून चालतच नाही : जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाही, अशी अट वीज कंपनी नियमानुसार घालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केलं आहे.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, लागते. शेतजमीन असेल तर सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) कलम ३१ नुसार त्या कायद्याखाली तिची विक्री होतच नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीची थकबाकी, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, आणि आत राहणारा भाडेकरू कोण, ही तीन उत्तरं हवीत.

गृहकर्जात रिझर्व्ह बँकेने मर्यादा आखून दिल्या आहेत : ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५ टक्के. किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च धरायचा नाही (दहा लाखांपर्यंतच्या घराला सवलत आहे). म्हणजे तुम्ही खिशातून भरलेले ते काही लाख तारणमूल्यात कुठेच नसतात, पहिल्या दिवसापासून.

सोन्याचा हिशोब सगळ्यात स्वच्छ. जून २०२५ च्या निर्देशांनुसार, जे १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे ठरले, मूल्य काढताना मागच्या तीस दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा भाव यांतला कमी तो धरायचा. खडे, मोती मोजायचे नाहीत. घरखर्चासारख्या गरजेच्या कर्जाला अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि पुढे ७५ टक्के. लिलावाची राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांखाली नाही, दोन लिलाव फसले तर ८५. हातात दागिन्याची पावती घेताना निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिली आहे का बघा. घडणावळ किती दिली होती याला इथे किंमत नाही.

चौथा टप्पा : कॅश क्रेडिट (माल आणि येण्यांच्या तारणावरचं खेळतं कर्ज) असेल तर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्याची उचल मर्यादा, स्वतः काढा

दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देता, पण त्यातून बँक काय करते? एक उदाहरण धरू. गोदामात ४० लाखांचा माल, येणं ३० लाख. मालकाला वाटतं ७० लाख आहेत. बँक मालातून न हलणारा जुना ६ लाखांचा माल काढते आणि पैसे न दिलेला, उधारीवर आणलेला १० लाखांचा माल वजा करते. उरले २४. त्यावर २५ टक्के मार्जिन (बँक कर्ज देत नाही तो हिस्सा) वजा जाता १८ लाख. येण्यांतून नव्वद दिवसांवरची ८ लाखांची काढली, उरले २२, त्यावर ४० टक्के मार्जिन वजा जाता १३ लाख २० हजार. एकूण ३१ लाख २० हजार. लिमिट ४० लाख मंजूर असलं तरी त्या महिन्यात उचल तेवढीच.

मार्जिनचे टक्के आणि किती दिवसांवरची येणी काढायची, हे तुमच्या मंजुरीपत्रात असतं. ते काढा आणि स्वतःच्या आकड्यांवर हा हिशोब करा. हंगामी धंदा असेल, गिऱ्हाईक १२० दिवसांनी पैसे देत असेल, तर ती अट मंजुरीच्या आधीच बदलून मागा. माल संपल्यावर मागून उपयोग नाही.

पाचवा टप्पा : बँकेच्या वहीत तुमचं तारण कसं दिसतं

हे कर्जदाराला कोणी सांगत नाही, पण बँकेचं वागणं यावरून समजतं. खातं नव्वद दिवस थकलं की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. त्यानंतर तारणाचं वसुलीयोग्य मूल्य आधी ठरवलेल्या मूल्याच्या ५० टक्क्यांखाली गेलेलं आढळलं तर खातं थेट संशयित वर्गात टाकायचं. मूल्य येणे बाकीच्या १० टक्क्यांखाली गेलं तर बुडीत धरायचं, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. संशयित खात्यात तारणाने झाकलेल्या भागावर व्यापारी बँकेला पहिल्या वर्षी २५ टक्के, पुढची दोन वर्षं ४० आणि नंतर पूर्ण तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम संभाव्य तोटा म्हणून नफ्यातून बाजूला काढावी लागते. तारणाने न झाकलेल्या भागावर पहिल्याच दिवशी शंभर टक्के. जामीनदाराची हमी या हिशोबात तारण म्हणून धरली जात नाही.

म्हणून तडजोडीची बोलणी करायला जाताना ताजा मूल्यांकन अहवाल सोबत न्या. कमी झालेलं मूल्य कागदावर दिसलं तर एकरकमी परतफेडीच्या प्रस्तावाला बँकेच्या समितीसमोर आधार मिळतो.

सहावा टप्पा : नोटीस आली तर

सरफेसीची कलम १३(२) ची नोटीस म्हणजे थकबाकी भरायला साठ दिवस. या काळात लेखी हरकत पाठवा. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये तो प्रश्न कायमचा मिटवला. पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा : सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि नियम १०७ ची जप्ती. तिथे लिलावाची अपसेट प्राईस, म्हणजे किमान किंमत, जिल्हा उपनिबंधकांकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्या प्रस्तावाला जोडलेल्या मूल्यांकनाची प्रत मागा. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे दाखला होण्याआधीच्या सुनावणीला हजर राहणं फार महत्त्वाचं.

सरफेसीत विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचं मूल्यांकन घेऊन राखीव किंमत ठरवावी लागते आणि कर्जदाराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. राखीव किमतीखाली विकायचं तर कर्जदार आणि बँक दोघांची संमती लागते. पण सगळ्यात महत्त्वाची तारीख दुसरीच आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण पैसे भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. लिलावाच्या दिवसापर्यंत वेळ आहे असं समजून कितीतरी लोक हातची संधी घालवतात. स्वतः गिऱ्हाईक आणायचं असेल तर जाहिरात छापून येण्याआधी आणा. तुम्ही आणलेलं गिऱ्हाईक जवळपास बाजारभाव देतं. लिलावात येणारा डिस्ट्रेस भाव शोधत येतो.

आकड्यांत बघा. एमआयडीसीतला गाळा, अहवालात बाजारमूल्य १ कोटी २० लाख, डिस्ट्रेस ८४ लाख. कर्ज ८० लाख, नोटिशीनंतर व्याज धरून येणं ९२ लाख. पहिला लिलाव ९० लाखांवर, बोली नाही. दुसरा ८१ लाखांवर, विक्री ८२ लाखांना. जाहिरात, पहारेकरी, मूल्यांकन, वकील मिळून खर्च ३ लाख. कर्जात जमा ७९ लाख. १ कोटी २० लाखांचा म्हणवणारा गाळा गेला आणि वर १३ लाखांचं देणं उरलं. शिवाय विक्रीवर भांडवली नफा होत असेल तर त्याचा कर जुन्या मालकाच्याच डोक्यावर.

वाटपाच्या क्रमात शासनाची करथकबाकी कुठे येते, हाही प्रश्न असतो. बँकेने तारणाची सरसाईकडे, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, नोंद केली असेल तर राज्याच्या कराआधी बँकेचा हक्क, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं. नोंद सरसाईच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून कोणालाही बघता येते. लिलावातली जागा घेणाऱ्याने तर ती बघायलाच हवी.

जामीनदारासाठी

वरच्या उदाहरणातले १३ लाख कोणाकडे मागितले जातील? जामीनदाराकडे. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि तारण आधी विका मग माझ्याकडे या, असं त्याला सहसा म्हणता येत नाही.

पण त्याच कायद्यातलं कलम १४१ फार थोड्यांना माहीत असतं. तुम्ही जामीन राहिलात तेव्हा बँकेकडे जी तारणं होती, त्यांचा फायदा तुम्हालाही मिळतो. बँकेने तुमच्या संमतीशिवाय एखादं तारण सोडलं किंवा गमावलं तर त्या तारणाच्या मूल्याइतकी तुमची जबाबदारी कमी होते. अडचण एवढीच की अनेक छापील हमीपत्रांत 'बँकेने तारण सोडले तरी माझी हरकत राहणार नाही' असं कलम असतं, आणि सही केलीत की हा बचाव दुबळा होतो. ते कलम शोधा आणि खोडून मागा. नाहीच जमलं तर हमीची रक्कम ठरावीक आकड्यापर्यंत मर्यादित करून मागा. सही करायच्या दिवशी तारणांची यादी आणि मूल्यांकन अहवालाचं शेवटचं पान यांची प्रत घ्या, त्यावर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती घरच्या फाइलमध्ये ठेवा. उद्या तारण सोडलं गेलं, तर ते किती मूल्याचं होतं हे सिद्ध करायला तेवढाच कागद तुमच्याजवळ असेल.